बारा तुकड्यांचा नकाशा

पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्याला आतून एक खिसा आहे. शुक्रवारी दुपारी मी त्यात बोटं घातली आणि खिसा रिकामा लागला.

आधी वाटलं, बोटं नीट गेली नसतील. पुन्हा घातली. मग पुस्तक उलटं धरून हलवलं, जे इतक्या जुन्या पुस्तकाबाबत कधी करू नये. काही पडलं नाही.

पुस्तक दीडशे वर्षांपूर्वीचं, एका इंग्रज मोजणी अधिकाऱ्यानं लिहिलेलं. आमचा फुलसावंगीचा भाग तेव्हा बाशिम जिल्ह्यात मोडायचा. त्या मुलखातल्या वाटा, घाट, नाले, शंभर बैल एका वेळी पाणी पितील अशा जागा, सगळं त्यात लिहिलेलं. आणि शेवटी खिशात घडी घातलेला नकाशा. वाटा लाल, पाणी निळं, रंग हातानं भरलेला.

पुस्तक माझं नव्हतं. कळंबच्या घनश्याम इंगोलेकाकांचं होतं, आणि रविवारी सकाळी मला ते त्यांच्या हातात परत द्यायचं होतं.

काका भूमापक होते. नोकरीत गावोगाव शेतं मोजत हिंडले आणि हिंडताना रद्दीची दुकानं, बंद पडलेली वाचनालयं, म्हाताऱ्या वकिलांची कपाटं धुंडाळत राहिले. घ्यायचे ते फक्त आपल्या जिल्ह्याबद्दलचं. गॅझेटियर, जमाबंदीचे अहवाल, जंगलांच्या याद्या, नकाशे. कादंबरी फुकट दिली तरी परत करायचे. मी महागावच्या रद्दीवाल्याकडून किलोवर असंच एक फाटकं पुस्तक उचललं होतं, त्यातली गहाळ पानं कुठे मिळतील हे विचारत विचारत त्यांच्या दारात पोचले. तेव्हा मला सहावा महिना होता. आता सुरभी सात महिन्यांची आहे.

काकांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय. घरात एकटेच. तीनशेच्या वर पुस्तकं, आणि मागं त्यांना हात लावणारं कोणी नाही. पुण्याचे एक जुन्या पुस्तकांचे व्यापारी, राजकुमार नाव, वर्षभर त्यांच्या मागे होते. 'सगळं एकत्र ठेवू, सर, चांगल्या संस्थेत जाईल,' असं फोनवर सांगायचे. मी भीत भीत म्हटलं होतं की आमच्या तांड्यातल्या समाजमंदिराची मागची खोली रिकामी आहे. कोरडी आहे. माझा नवरा सुनील कपाटं करून देतो म्हणतो. ही पुस्तकं पुण्याला गेली तर ज्या वाटांबद्दल ती आहेत तिथलं एकही माणूस ती कधी उघडणार नाही.

काका हसले होते. "खोली हाये, कपाट हाये. हात कसे हायेत ते पाहू."

आणि त्यांनी हे पुस्तक काढून दिलं. आजवर घराबाहेर एकही पुस्तक न दिलेल्या माणसानं. "आठ दिवस ठेवा. रविवारी पुण्याचा माणूस येऊन राह्यला. त्याच्यापुढंच वापस घेईन, पान पान मोजून. मंग सांगीन, कोणाले द्याचं ते."

म्हणजे तो नुसता खिसा रिकामा नव्हता झाला, तीनशे पुस्तकं गेली होती.

नकाशा मी शेवटचा पाहिला होता सोमवारी. सुरभी झोपली तेव्हा तो बाहेर काढला, तांड्याजवळच्या नाल्याची वाट शोधत होते. मग ती रडत उठली. मी नकाशा घडी करून ठेवला. कुठे? तिथे माझी आठवण कोरी होती. दूध, लंगोट, तिचं डोकं माझ्या खांद्यावर, तिचा घामट, गोड वास, हे सगळं आठवत होतं. नकाशा नाही.

कपाट पाहिलं, पेटी पाहिली, गाद्या उलटल्या. सुरभी एका कडेवर आणि दुसऱ्या हातानं शोधणं. तिला वाटलं खेळ चाललाय. मी वाकले की ती खिदळायची.

मग एक विचार आला. माझी सासू, बिजलीबाई, आम्ही तिला याडी म्हणतो, रोज आंघोळीच्या पाण्याची चूल पेटवते. पेटवायला जो कागद हाताला लागेल तो.

मी चुलीजवळ बसून राख चाळली. काडीनं, मग बोटांनी.

"काय पाहून राह्यली वं त्याच्यात? सोनं ठेवलं काय मी?" मागून आवाज आला. घरात आम्ही गोरबोली, आमची बंजारा बोली, बोलतो, पण याडीला टोमणा मारायचा असला की ती वऱ्हाडीवर येते. बाजारात भांडून भांडून ती भाषा तिची धारदार झालीय.

"याडी, कागद जाळलास का कोणता? जुना?"

"कालचा पेपर जाळला. तुया पुस्तकाले मी हात लावत नाही. दोनदा सांगितलं तू. तिसऱ्यांदा सांगू नको."

रात्री मी सुनीलला सांगितलं. तो दिवसभर वेचणीच्या कापसात होता, केसात रुई अडकलेली. त्यानं शांतपणे ऐकलं, मग म्हणाला, "घरातच आसंन. घरातून कागद चालत जात नाही." मला त्याच्या शांतपणाचा इतका राग आला की मी भाकरी त्याच्या ताटात जरा जोरातच टाकली.

शनिवारची दुपार. एक दिवस उरलेला. याडीनं थंडीसाठी सुरभीची नवी गोधडी शिवून कालच पुरी केली होती. तांड्यातल्या प्रत्येक घरून एक कापडाचा तुकडा मागून आणते ती, तिच्या सगळ्या नातवंडांना तशीच केली. गोधडी उन्हात अंथरली होती, सुरभी वर पालथी पडून पुढे सरकायचा प्रयत्न करत होती. लंगोट काढलेला, अंगाला तेल.

तिनं गुडघा दुमडला आणि गोधडी वाजली.

करकर.

कापड असं वाजत नाही. मी तशीच थांबले. तिनं पुन्हा पाय मारला. करकर. तिला तो आवाज आवडला होता, म्हणून पुन्हा, पुन्हा.

मी तिला झडप घालून उचललं, उघडी होती ती. गोधडीवर हात फिरवला. कोरडी. देवाच्या कृपेनं कोरडी. तिला मांडीवर घट्ट धरून मी दुसऱ्या हातानं गोधडी चाचपली. आत एका थराखाली चौकोन लागले. सारखे, कडक. दोन चौकोनांच्या मधे मऊ. मग पुन्हा चौकोन.

इथे सांगायला हवं. त्या काळातला प्रवासी नकाशा अखंड कागदाचा नसतो. कागदाचे सारखे तुकडे कापून ते सुती कापडावर चिकटवतात आणि दोन तुकड्यांमधे करंगळीच्या नखाएवढी फट सोडतात. घडी त्या फटीत पडते, कागद मोडत नाही. हा नकाशा बारा तुकड्यांचा होता. घडी घातली की वर फक्त कापड दिसायचं. जुनं, धुऊन मऊ झाल्यासारखं.

आणि सोमवारी मी तो ठेवला होता सुरभीच्या धुतलेल्या लंगोटांच्या ढिगावर. आता आठवलं.

"याडी!"

ती तुरी निवडत होती. मान वर केली नाही. "कांई छ?"

"या गोधडीत आत काय घातलंस?"

"कापड."

"कोणतं?"

"पोरीच्या लंगोटात होतं ते. चांगलं कापड, आजकाल असं भेटत नाही. कोण्या येड्यानं त्याच्यावर कागदाचे तुकडे चिपकवून ठेवले होते."

"धुतलंस?"

"धुणारच होती. बोट ओलं करून पाह्यलं तं लाल रंग सुटला. पोरीच्या अंगाले लागला असता. मंग कोरडंच घातलं मधात. काहून?"

त्या लाल रंगाला मी मनातल्या मनात हात जोडले.

"याडी, गोधडी उसवावी लागेल. आत्ता."

तिनं सूप बाजूला ठेवलं. "डोस्कं फिरलं काय तुयं? लेकराच्या गोधडीचे चारी कोपरे शिवून झाले का ते उसवत नाहीत. लेकरू चालाले लागेपर्यंत तं नाहीच नाही. माया सासूनं नाही उसवली, मी नाही उसवणार."

"ती दुसऱ्याची वस्तू आहे. उद्या परत करायची आहे. त्या काकांनी फक्त माझ्या भरवशावर दिली."

याडीनं हळू विचारलं, "परायी हाये?"

"हो."

"अन् तू ते लंगोटात ठेवलं?"

मी खाली पाहिलं. सुरभी माझं मंगळसूत्र चोखत होती.

याडी उठून आत गेली. वाटलं, रागावली. पण ती सुई घेऊन आली, आणि चष्मा, जो ती शिवणाशिवाय कधी लावत नाही. "माया आजा दुसऱ्याच्या मिठाच्या गोण्या बैलावर लादून नेये," ती म्हणाली. "गोणी वली झाली तं रातभर जागून वाळवे. परायी चीज पोरीच्या अंगाखाली नाही पायजे मले. आण इकडं. अन् कात्री नको, कात्रीले अक्कल नसते."

तिनं एक टाका सुईच्या टोकानं उचलला, मग दुसरा. धागा तोडला नाही, ओढून काढला आणि बोटाला गुंडाळत गेली. सुनील शेतातून आला, त्यानं सुरभीला घेतलं. वरचा थर उलगडला तेव्हा आत, पिवळट तुकड्यांवर, लाल वाटा दिसल्या. एका कडेला याडीच्या ओल्या बोटाचा गुलाबी डाग. आणि सगळीकडे, आडवी-उभी, भोकांची रांग.

मला रडू आलं. बाराही तुकडे होते, पण नकाशा चाळणी झालेला.

"रडाले काय झालं? फाटला तं नाही ना," याडी म्हणाली. पण तिचाही आवाज खाली आला होता.

संध्याकाळी सुनील माझ्याजवळ येऊन बसला. "घडी घाल अन् खिशात ठेव. म्हाताऱ्याले दिसत नाही. तो कायले उघडून पाह्यते?"

"ते मोजतात."

"पानं मोजते. भोकं थोडीच मोजते! ममता, तीनशे पुस्तकाचा सवाल हाये. तू काही चोरी नाही केली."

आणि खरं सांगते, रविवारी पहाटे मी तो नकाशा बरोबर घडी करून खिशात घातला, तेव्हा न सांगण्याचंच ठरवलं होतं.

याडी बरोबर येते म्हणाली. "आपल्या हातानं पोचवल्याबिगर पोचलं असं होत नाही." महागावहून यवतमाळ, तिथून कळंबची एसटी. सुरभी माझ्या मांडीवर, पुस्तक याडीच्या मांडीवर, तिच्या ओढणीत गुंडाळलेलं. सुरभीनं दोनदा ओढणीकडे हात नेला, याडीनं दोनदा बाजूला केला. "तुले नाही. तुयं झालं वापरून."

मी याडीला सांगितलं नव्हतं की मी गप्प राहणार आहे. तिनंही विचारलं नाही.

काकांच्या घरी पुढच्या खोलीत टेबल स्वच्छ पुसलेलं. राजकुमार येऊन बसलेले, इस्त्रीचा सदरा, समोर चहा अर्धा प्यालेला. "या, या. बाळ किती गोड आहे हो," ते म्हणाले. माणूस वाईट नव्हता. त्यांच्या हातात भिंग होतं, आणि आधीच पाहून झालेली सातआठ पुस्तकं एका बाजूला रचलेली. माझ्या लक्षात आलं, त्या सगळ्यांच्या मागच्या पुठ्ठ्याला खिसे होते.

"द्या," काकांनी हात पुढे केला.

याडीनं ओढणी सोडून पुस्तक त्यांच्या हातात दिलं. काकांनी आधी वास घेतला. मग कणा चाचपला. मग अंगठ्यानं पानं सोडत गेले, मधून मधून थांबून चित्रांची पानं बोटानं मोजत. "एक. दोन. तीन." चित्राचं पान जाड असतं, त्यांना ते बघावं लागत नाही. सुनील म्हणाला होता, म्हाताऱ्याला दिसत नाही, आणि मीही तेच धरून चालले होते. पण या माणसानं आयुष्यभर जमीन मोजली होती. त्याची बोटं बघत होती.

"सात. बरोबर." काकांनी पुस्तक उलटं केलं. बोटं खिशाकडे गेली.

मी याडीकडे पाहिलं. ती सरळ बसून काकांच्या हाताकडे बघत होती, ओझं उतरवलेल्या माणसासारखी. तिच्यापुरतं प्रामाणिकपणे पोचतं झालं होतं. ती मला काही बोलली असती तर कदाचित मी गप्प राहिले असते.

"काका, थांबा," मी म्हटलं. "उघडायच्या आधी ऐका."

मी सगळं सांगितलं. लंगोटांचा ढीग, गोधडी, उसवणं. घरी गप्प राहायचं ठरवलं होतं तेही. सुरभी माझ्या तोंडात बोट घालत होती, तिचं बोट काढून काढून बोलत होते.

काकांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. त्यांनी नकाशा काढला आणि टेबलावर पसरला. राजकुमार उठून वाकले, भिंग लावलं.

"अरेरे!" ते म्हणाले. "अहो, हे काय केलंत! सर, यातला हा सगळ्यात चांगला होता हो. आता काय उरलं या पुस्तकात?"

"काहून?" काका म्हणाले. "साडेतीनशे पानं उरली ना."

"पानांना गिऱ्हाईक नाही, सर. नकाशे सुटे करून फ्रेममधे जातात. लोक दिवाणखान्यात लावतात. पानं मी..." आणि ते थांबले.

काकांनी नकाशा स्वतःकडे ओढला.

"पानं तुम्ही काय?" काकांनी विचारलं.

"म्हणजे, काही संस्था घेतात. बघावं लागतं."

"वर्षभर मले सांगून राह्यले, सगळं एकत्र ठेवू म्हणून."

"जितकं जमेल तितकं, सर."

काका त्यांच्याकडे वळलेच नाहीत. नकाशावर दोन्ही हात ठेवून ते माझ्याशी बोलले, आणि तेव्हा कळलं की ते किती रागावले होते. "हा खिसे रिकामे करून नासवणार. तुमच्या घरी सुईनं. फरक काय हाये, बाई, सांगा बरं मले? चाळीस वर्षं मी याच्यावर उदबत्तीचा धूर नाही जाऊ देला."

मी मान खाली घातली.

त्यांची बोटं भोकांवरून चालायला लागली. आडव्या ओळीनं, मग उभ्या. मधेच थांबली, मागे आली, पुन्हा चालली. बराच वेळ. मग त्यांनी माझ्या आवाजाच्या दिशेनं नाही, याडीच्या बांगड्यांच्या दिशेनं मान वळवली. "शिवलं कोणी? तुम्ही?"

"हो, भाऊ," याडी म्हणाली.

"टाके कुठून घातले?"

"कागद नव्हता तिथून. कागदातून सुई खुपते, कापडातून सरकते. तुकड्या तुकड्याच्या मधात गल्ली सोडली हाये ना, तिथूनच गेली मी. कोणं केलं काय मालूम, पण शिवणाऱ्याच्या हिशोबानं केलं."

मी टेबलाजवळ गेले. काल रडताना मी नीट पाहिलंच नव्हतं. भोकांची प्रत्येक रांग फटीतून गेली होती. लाल वाटा, निळे पाणवठे, गावांची बारीक नावं, सगळी शाबूत.

"सगळं तिथून नाही," काका म्हणाले. त्यांचं बोट खालच्या कोपऱ्यातल्या तुकड्यावर होतं. "इथं कागदातून गेली."

"तिथं पोरगी उठली," याडी म्हणाली. "हात हालला."

"इथं मैलांची पट्टी हाये."

"मंग?"

"मंग काही नाही. मैल जरा भोकाचे झाले." आणि काकांच्या तोंडाचा एक कोपरा, अगदी जरासा, हलला.

राजकुमारांनी चहा संपवला. निघताना म्हणाले, बाकीच्या पुस्तकांबद्दल फोन करीन. "नका करू," काका म्हणाले, आणि दारापर्यंत त्यांना सोडायला गेले, भिंतीला हात लावत.

परत येऊन बसले. "बाई, पुस्तकं कुठंच जाणार नाहीत. पुण्याले नाही. अन् तुमच्या त्या खोलीतही नाही. आता तं नाहीच." मी मान हलवली. "यादी करा लागते. मले दिसत नाही. दर रविवारी येत जा. इथं बसून करा. हात सुधरले का मंग पाहू खोलीचं."

त्यांच्या प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या पुठ्ठ्याला आतून एक चिठ्ठी चिकटवलेली असते. कुठून आणलं, काय गहाळ आहे, काय दुरुस्त केलं. काकांनी पेन्सिल माझ्यापुढे सरकवली. "लिहा. शाई नाही, पेन्सिलीनं. जे झालं ते."

मी लिहिलं: नकाशा, बारा तुकडे, सर्व हजर. घडीच्या फटींतून टाक्यांची भोकं. मैलांच्या पट्टीवर नऊ. एका कडेला पाण्याचा डाग, बोटाएवढा. फुलसावंगीजवळच्या तांड्यात बिजलीबाई राठोड यांच्या हातून, लहान मुलीच्या गोधडीत. काढलाही त्यांनीच. चूक माझी. खाली माझं नाव, तारीख.

मी ते मोठ्यानं वाचून दाखवलं. याडीनं आपलं नाव ऐकून ओढणी सारखी केली.

"आता मायं ऐका, भाऊ," ती म्हणाली. "तुमची चीज तुमच्या घरी आली. पण पोरीच्या गोधडीत तिची जागा खाली झाली. तशी ठेवता येत नाही. प्रत्येक घरून एक तुकडा असते त्याच्यात."

काकांनी उठून कपाटाचा खालचा खण उघडला. पुस्तकांचे कणे बांधायला ठेवलेलं मांजरपाट कापड, घडीवर घडी. एक घडी त्यांनी टेबलावर उलगडली आणि भिंतीवरच्या खिळ्याला लटकवलेली मोजणीची टेप हातात घेतली.

"किती बाय किती?"

"एक हात अन् चार बोटं," याडी म्हणाली.

"कोणाचा हात?"

"माया."

"मंग या इकडं," काका म्हणाले. "अन् पोरीले धरा बाई, पेन्सिल खाऊन राह्यली ते, ऐकू येते मले."